जिवंत माणसाचं सुतक

किसिओनेचा चेहरा जन्मापासून असाच आहे, असं त्याची आत्या वाइमोआना सांगायची. पोर झालं तेव्हा सुईणीनं त्याला उलटं धरून चापटी मारली. रडण्याऐवजी त्यानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की सुईणीनं त्याची माफी मागितली. वाइमोआना हे गमतीनं सांगत नसे. तिला गंमत म्हणून काही सांगताना मी कधी ऐकलेलं नाही.

माझं दुकान आमच्या राजधानीत, नुकुअलोफात, तिच्या घराच्या अगदी समोर. साबण, पीठ, मांसाचे डबे, रेडिओचे सेल. त्यामुळे तो पोरगा हाअपाई नावाच्या बेटांच्या पुंजक्यातल्या एका लहानशा बेटावरून शिकायला आत्याकडे आला, तेव्हापासून मी त्याला पाहत आलोय. अंगानं दणकट, आवाज खर्जातला, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी आत्ताच गेल्याचा भाव. परीक्षेत पहिला आला तरी तोच, दात दुखत असला तरी तोच. बसमध्ये लोक त्याला जागा द्यायचे आणि खांद्यावर हात ठेवायचे. सुरुवातीला तो सांगायचा की तसं काही नाही. मग त्यानं सांगणं सोडलं आणि जागा घ्यायला लागला.

त्याचा बाप मानासे मात्र अखंड बडबड्या. बेटावर मासे धरायचा, कोनफळं लावायचा आणि बोलायचा. वर्षातून एकदा बोटीनं इकडे आला, की दोन दिवस माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून असायचा आणि गिऱ्हाइकं माझ्याऐवजी त्याच्याशी बोलून निघून जायची. वाइमोआनासमोर तेवढा गप्प बसायचा. बहीण म्हटल्यावर आमच्याकडे भावाचं काही चालत नाही, आणि भावाच्या मुलांचं तर नाहीच नाही. आत्या बोलली की झालं.

बेटावरच्या शाळेत मास्तर टिकत नसत. एक बोट आणायची, दुसरी न्यायची. म्हणून किसिओनेनं मास्तरकीचं कॉलेज धरलं. शेवटच्या वर्षाला होता, तेव्हा फेब्रुवारीत ते वादळ आलं.

आमच्याकडे ते नुसतं चाटून गेलं. केळी आडवी झाली, माझ्या दुकानाची पाटी उडून वाइमोआनाच्या डुकरांत जाऊन पडली. हाअपाईला मात्र त्यानं पुरतं झोडपलं. मोठ्या बेटांवरून बातम्या यायला लागल्या, छपरं गेली, माड गेले, विहिरींत खारं पाणी शिरलं. किसिओनेच्या बेटावरून काहीच आलं नाही. फोनचा खांब पडला होता आणि मदतीची बोट आधी मोठ्या बेटांकडे निघाली होती.

त्या बेटावर त्याचे आई-बाप होते आणि शाळेत जाणारी तीन भावंडं. तो रोजच्यासारखा कॉलेजला जात राहिला. कुणी काही विचारलं नाही, कारण चेहरा मागच्या आठवड्यात होता तसाच होता. वाइमोआना दिवसभर रेडिओ कानाला लावून बसायची आणि माझ्याकडून सेल न्यायची.

"काही कळलं का?" मी विचारायचो.

"कळलं असतं तर सेल कशाला नेले असते, इनोके?" ती म्हणायची. मी सेल मोजून द्यायचो.

कॉलेजात लुसेआने म्हणून एक मुलगी होती, आमच्या पाळकांची धाकटी. बापाला रविवारी बोलायला मिळतं, तिला उरलेले सहा दिवस मिळाले होते. तिनं पोरांची बैठक बोलावली. मोठ्यांचं सरकार बघेल, पण मुलांचं काय? त्यांना अंथरुणं, कपडे, पाणी, शाळा हवी. वर्गणी गोळा करायची ठरली. गाड्या धुवायच्या म्हटलं तर पाण्याची टंचाई. नाचगाण्याचा कार्यक्रम करायचा म्हटलं तर सभागृहाचं छप्पर शेजारच्या शेतात. राहिल्या बादल्या. शनिवारी सकाळी रविवारच्या जेवणाचं घ्यायला सगळं गाव बाजारात येतं, तेव्हा बादल्या घेऊन उभं राहायचं. सगळे एकसारखे दिसावेत म्हणून लुसेआनेनं फर्मान काढलं, काळे शर्ट घाला, ते सगळ्यांकडे असतात.

काळा शर्ट किसिओनेकडे होता. कमरेची चटई मात्र वादळात भिजून कुजली होती. कमरेला चटई न गुंडाळता चारचौघांत जायचं म्हणजे अर्ध्या कपड्यांत जाण्यासारखं. म्हणून आत्यानं आपल्या मेलेल्या नवऱ्याची जुनी चटई काढून दिली. ती एवढी मोठी की छातीपर्यंत आली, आणि कडेनं सगळी विसकटलेली. अशी चटई आमच्याकडे घरात माणूस गेलं की घालतात. आत्याच्या ते ध्यानात आलं नाही, कारण तिचं सगळं ध्यान रेडिओत होतं.

बाजारात बाकीची पोरं गाणी म्हणत, गिऱ्हाइकांच्या वाटेत आडवी येत पैसे काढत होती. किसिओने बादली धरून खांबासारखा उभा होता.

"अरे, बोल ना काहीतरी!" लुसेआने म्हणाली. "लोकांना कळायला नको, बादली कशाची आहे?"

"काय बोलू?"

"वादळातल्या मुलांसाठी द्या. तीन शब्द आहेत. चौथा मागितला का मी?"

त्यानं बादली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "त्यात माझीच भावंडं आहेत. घरच्यांसाठी हात कसा पसरू?"

लुसेआने गप्प झाली. हे बाजारात अनेकांनी पाहिलं आणि नंतर मला वेगवेगळं सांगितलं. बैठकीत एवढं बोलून आपण याला साधं विचारलंही नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. तिनं त्याला गर्दीतून काढून पार टोकाला, कंदवाल्या बायकांजवळ उभं केलं. "इथे काही बोलू नकोस," म्हणाली, "बादलीवर कागद चिकटवलाय, लोक वाचतील." ती वळली आणि वाऱ्यानं कागद नेला.

तिथे कोनफळं विकणारी सेलाइमा बसते. गेली अनेक वर्षं वाइमोआनाच्याच बाकावर चर्चमध्ये बसते. तिनं काळा शर्ट पाहिला, विसकटलेली चटई पाहिली, चेहरा पाहिला.

"किसिओने, काय झालं रे पोरा?"

"वादळ, काकी."

"घरी सगळे... बाबा?"

"काही कळत नाही," तो म्हणाला, आणि त्याला पुढे बोलवेना.

यात खोटं काहीच नव्हतं. सेलाइमानं डोळे पुसले, कनवटीला होतं नव्हतं ते बादलीत टाकलं आणि शेजारच्या गाळ्यावर गेली. तिथे ती काय म्हणाली कुणास ठाऊक, पण चार गाळे ओलांडेपर्यंत मानासे आजारी पडला, आणखी चार गाळ्यांनी त्याच्या अंगावर माड पडला, आणि बाजाराच्या दारापाशी पोचेपर्यंत तो गेला. लोक रांगेनं येऊन किसिओनेचा हात दाबायला लागले. बायका त्याच्या गळ्यात पडून रडायच्या आणि बादलीत पैसे टाकायच्या. त्याला वाटलं, वादळातल्या मुलांबद्दल लोकांना फारच कळवळा आहे. त्यानं तसं लुसेआनेला सांगितलंही. तिनं त्याची बादली पाहिली आणि बाकीच्यांना गाणी बंद करायला सांगितली.

बातमी माझ्या दुकानात दुपारी आली. मी समोर पाहिलं तर वाइमोआना ओसरीत कपाळाला हात लावून बसलेली. ती रोजच तशी बसायची, पण त्या दिवशी मला ते वेगळं दिसलं. मी दुकान बंद केलं, काळा शर्ट घातला आणि मांसाच्या डब्यांचं एक खोकं खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडला. माझ्या आधी सेलाइमा आणि चर्चच्या बायका पोचल्या होत्या. सगळ्या काळ्या कपड्यांत, हातात मयताच्या घरी द्यायच्या गुंडाळलेल्या चटया आणि झाडाची साल कुटून केलेल्या कापडाच्या घड्या.

अशा वेळी कुणी काही विचारत नाही. येतात, बसतात, रडतात. वाइमोआनानं त्यांना फाटकातून येताना पाहिलं आणि रेडिओ हळूच खाली ठेवला. तिचा चेहरा मी पाहिला. ज्या बातमीची इतके दिवस वाट पाहिली, ती रेडिओऐवजी पायांनी चालत आली असं तिला वाटलं असणार.

"कधी?" तिनं एवढंच विचारलं.

"आज सकाळीच कळलं गं," सेलाइमा म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.

मग वाइमोआनानं जो टाहो फोडला, तो दोन गल्ल्यांपलीकडे गेला. ज्यांना अजून माहीत नव्हतं, त्यांनाही त्यानं माहीत झालं.

तासाभरात अंगण भरलं. पुरुषांनी मागं खड्डा खणून दगड तापवले, डुक्कर घातलं, अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध बांधून वर रचलं. सेमी आला. हा मानासेच्याच बेटावरचा. होडीच्या इंजिनावरून दोघांचं असं भांडण झालं होतं, की सेमी बेट सोडून इकडे राहायला आला आणि मानासेचं नाव काढलं तरी थुंकायचा. त्यानं त्या दिवशी सगळ्यांत मोठी चटई आणली आणि सगळ्यांत मोठ्यानं रडला. "इंजिन त्याचंच होतं," असं रडता रडता दोनदा म्हणाला. पाळक आले. त्यांनी मानासेला कधी पाहिलं नव्हतं. मुलावरून अंदाज बांधून त्यांनी प्रार्थनेत त्याचं वर्णन मितभाषी आणि गंभीर असं केलं. मी डोळे मिटूनच ठेवले.

भजन चालू असताना किसिओने आणि लुसेआने भरलेली बादली दोन्ही बाजूंनी धरून गल्लीत वळले. काळं अंगण दिसलं, आत्याचा आवाज ऐकू आला. किसिओनेनं आपल्या बाजूची कडी सोडली. लुसेआनेला ते वजन एकटीला पेललं नाही आणि नाणी रस्त्यावर सांडली, पण ती गोळा करायला कुणी वाकलं नाही. तो गर्दीतून आला, आत्याच्या समोर गुडघ्यांवर बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"तुझा बाप गेला रे, बाळा," ती म्हणाली.

त्यानं आवाज केला नाही. चेहऱ्यावरही काही हललं नाही. पण मी अगदी जवळ होतो. त्याच्या छातीला गुंडाळलेली चटई थरथरत होती आणि तिच्या सुटलेल्या काड्या एकमेकींवर वाजत होत्या.

भजन संपलं. त्यानं डोकं वर केलं. "कुणी सांगितलं, आत्या?"

"सेलाइमानं."

तो सेलाइमाकडे वळला. "काकी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अरे, तूच की!"

"मी?"

"सकाळी. बाजारात. मी विचारलं, बाबा? तू म्हणालास, वादळ."

"मी म्हणालो, काही कळत नाही."

"हो, पण कसं म्हणालास!"

"मी असाच बोलतो, काकी."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच असाच बोलतो, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मागं खड्ड्यात चरबी चुरचुरत होती, तेवढाच काय तो आवाज. वाइमोआना उठून उभी राहिली.

"म्हणजे माझा भाऊ मेला नाही?"

"ठाऊक नाही, आत्या," किसिओने म्हणाला. "सकाळी जेवढं ठाऊक होतं, तेवढंच आत्ता आहे."

तिनं पदरासारखी घेतलेली काळी ओढणी काढली, नाक पुसलं आणि जमलेल्यांवरून नजर फिरवली. एकेक जण मान खाली घालायला लागला. सेमी तर चटईमागं लपला. पाळकांनी घसा खाकरला, पण केलेली प्रार्थना मागे घ्यायची काही पद्धत आमच्या चर्चमध्ये नाही, म्हणून ते पुन्हा बसले.

तेव्हा किसिओने उठला. त्याला उभ्यानं चार माणसांत बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला तीन शब्द बोलायला सांगितले होते, ते मी बोललो नाही. मला लाज वाटली. बादलीतले पैसे तुम्ही बाबांसाठी टाकलेत, ज्यांचे त्यांनी परत घ्या." कुणी हललं नाही. "आमच्या बेटावर सिमेंटची इमारत एकच आहे, शाळा. मी लहान असताना असंच वादळ आलं, तेव्हा सगळ्या पोरांना तिथे नेऊन बाकांखाली घातलं होतं. मीपण होतो. दार उघडायला लागलं तेव्हा बाबा त्याला पाठ लावून उभे राहिले आणि रात्रभर बोलत होते, आम्हाला वाऱ्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. ते तेव्हापासून थांबलेच नाहीत." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "आत्तापण पोरं तिथेच असणार. शाळा उभी असेल तर पोरं आहेत. पडली असेल तर..."

तो थांबला. मग म्हणाला, "वादळातल्या मुलांसाठी द्या." आणि खाली बसला.

लुसेआने रडत होती. सेलाइमा उठली, रस्त्यावर जाऊन सांडलेली नाणी वेचायला लागली, तिच्या पाठोपाठ आणखी बायका गेल्या. नाणी वेचून बादलीत टाकताना आपल्या जवळचीही टाकत होत्या, ते मला ओसरीतून दिसत होतं.

वाइमोआनानं निकाल दिला. "आणलेलं परत कुणी न्यायचं नाही. माझ्या दारात आलेलं माझं. साध्या चटया पोरांना अंथरायला जातील. भारीतल्या चटया आणि सालीचं कापड विकायचं, ते पैसे बादलीत. डुक्कर शिजलंय, ते खाऊन जा. आणि उद्या चर्चमध्ये मला जो कुणी सांत्वनाचं बोलेल, त्याच्याकडून वेगळी वर्गणी घेईन."

लोक जेवले. भीती अजून गेली नव्हती, पण डुक्कर चांगलं झालं होतं.

मंगळवारी मदतीची बोट त्या बेटाला लागली आणि बोटीवरच्या फोनवरून मानासे बहिणीशी बोलला. सगळं बेट जिवंत होतं. दोघांचे हात मोडले होते, घरं एकूण एक गेली होती. शाळेच्या भिंती उभ्या होत्या आणि छप्पर समुद्रात होतं. पोरं बाकांखाली होती. वाइमोआनानं हे सगळं न रडता ऐकून घेतलं आणि मग फोनमध्ये एवढी ओरडली की मी दुकानातून बाहेर आलो.

"गळा फाटला माझा तुझ्यासाठी! सगळ्या गावासमोर! आणि तू जिवंत!"

मानासेनं माफी मागितली. बहिणीची मागावीच लागते. मग त्यानं काय झालं ते विचारून घेतलं, आणि बोटीवरचा माणूस फोन परत मागत असतानाही त्याचे प्रश्न संपेनात. चटया किती आल्या? पाळक स्वतः आले होते का? काय म्हणाले? मितभाषी म्हणजे काय? आणि सेमी आला होता का?

"आला होता," वाइमोआना म्हणाली.

"रडला?"

"सगळ्यांत जास्त."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. वाइमोआनाला वाटलं, फोन तुटला.

पुढच्या शनिवारी पोरं पुन्हा बाजारात उभी राहिली. या वेळी लुसेआनेनं किसिओनेच्या गळ्यात पुठ्ठा अडकवला, 'कोणीही मेलेलं नाही. वादळातल्या मुलांसाठी द्या.' तो स्वतःही मोठ्यानं म्हणत होता, खर्जात, एकसुरी, चर्चच्या घंटेसारखा. तरी बादली मागच्या वेळेइतकी भरली नाही. लुसेआनेनं ते मनाला लावून घेतलं. मग तिनं कापडविक्रीचं अंगावर घेतलं आणि न्यूझीलंडमधल्या आपल्या मावश्यांना फोन करकरून भारीतला सगळा माल त्यांच्या गळ्यात मारला.

छपराचे पत्रे, पाण्याची टाकी, गाद्या आणि चटया घेऊन कॉलेजची पोरं बोटीनं गेली. सेमी सुताराची हत्यारं घेऊन त्यांच्याबरोबर गेला. तिथलं मी ऐकूनच सांगतो, लुसेआनेकडून. धक्क्यावर मानासे उभा होता. त्यानं मुलाला जवळ घेतलं आणि बांध फुटावा तसा बोलत सुटला. किसिओने तिन्ही भावंडांना एकदम उचलून उभा राहिला आणि बराच वेळ खाली ठेवेना. धाकटी म्हणाली, "सोड, दुखतंय." तरी सोडेना. सेमी आणि मानासे एकमेकांशी काही न बोलता पत्रे उतरवायला लागले. दुसऱ्या दिवशी शिडी कुठे लावायची यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

छप्पर झाल्यावर मानासे पाहुण्यांना खाली उभं करून दाखवायचा. तो पत्रा सेलाइमाच्या कापडाचा, तो कोपरा पाळकांचा, आणि दारावरचा तो मोठा सेमीचा. "माझ्या मयतीला आलं सगळं," असं सांगायचा. पोरांना वाटायचं, माणूस मेला की शाळेला छप्पर मिळतं. ती समजूत त्यांच्या डोक्यातून काढायला किसिओनेला एक पूर्ण तास घालवावा लागला.

कारण परीक्षा झाल्यावर त्यानं नेमणूक तिथेच मागून घेतली. ती मागणारा दुसरा कुणी नसल्यामुळे लगेच मिळाली. आता चौथं वर्ष चालू आहे, आणि बोटीवर चढून पळून न गेलेला त्या बेटाचा तो पहिलाच मास्तर. लुसेआने इथल्या मोठ्या शाळेत शिकवते. दर सुट्टीत तिला त्या बेटावर काहीतरी काम निघतं. वाइमोआनाला याबद्दल विचारलं तर ती म्हणते, मी अजून काही ठरवलेलं नाही.

मागच्या महिन्यात तो खडू आणि वह्या घ्यायला आला होता. दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं शहाळं प्यायलं.

"पोरं कशी आहेत?" मी विचारलं.

"चांगली आहेत. दोघं हायस्कूलला इकडे येतायत. आत्याकडे ठेवतोय."

"आत्याला विचारलंस?"

"आज विचारणार आहे," तो म्हणाला, शहाळं खाली ठेवलं आणि रस्ता ओलांडून गेला.